ब्राइस रुग्णालयातील नऊ पदे : सार्वजनिक सेवेतील मानसशास्त्रज्ञांचे एक प्रकरण

१९७० साली अमेरिकेतील अलाबामा राज्याने, मानसिक आरोग्य खात्याला मिळणारे सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटल्यामुळे, टस्कलूसा येथील ब्राइस या मनोरुग्णालयातील ९९ कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी केले. त्यांपैकी नऊजण मानसशास्त्र विभागातील होते. सरकारी आस्थापनेत कर्मचारी कपात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत बसवताना पहिली कुऱ्हाड ज्या पदांवर पडते, त्यांत मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते असतात, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. परंतु या कपातीतून उभा राहिलेला खटला पुढे तेहतीस वर्षे चालला आणि सार्वजनिक सेवेतील मानसशास्त्रज्ञाचे पद नेमके कशासाठी असते, याचे एक लेखी उत्तर त्यातून मिळाले. ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाकडे कायद्याचे अभ्यासक रुग्णहक्कांच्या अंगाने पाहतात. येथे ते नोकरीच्या अंगाने मांडले आहे, कारण त्याची सुरुवातच नोकरीपासून झाली होती.

परिस्थिती

ब्राइस हे १८६१ साली सुरू झालेले राज्य मनोरुग्णालय. कपातीच्या सुमारास तेथे जवळपास ५००० रुग्ण होते आणि त्यांतील बहुसंख्य स्वेच्छेने आलेले नव्हते. दिवाणी प्रक्रियेने, कोणताही गुन्हा नसताना, त्यांना तेथे दाखल करण्यात आले होते. यांपैकी १५०० ते १६०० वृद्ध होते आणि सुमारे १००० जण बौद्धिक अक्षमता असलेले होते. म्हणजे निम्म्याच्या आसपास रहिवासी असे होते की ज्यांना मनोरुग्णालयात ठेवण्याचे प्रयोजनच संशयास्पद होते. उपचार असे त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नव्हते. निवारा, जेवण आणि पहारा एवढेच येत होते.

कर्मचारी सुमारे १६०० होते. ९९ जणांच्या कपातीचा तपशील न्यायालयीन निकालात नोंदलेला आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. एकेचाळीस जण स्वयंपाकघर, देखभाल, टंकलेखन अशा कामांवरचे होते. सव्वीस जण रुग्णांचे उपक्रम आणि मनोरंजन पाहणारे होते. उरलेल्या बत्तीसांत मानसशास्त्र विभागाचे नऊ, समाजसेवा विभागाचे अकरा, तीन परिचारिका, दोन डॉक्टर, एक दंतवैद्य आणि सहा दंत सहायक होते. कपातीनंतर रुग्णालयात १७ डॉक्टर, २१ नोंदणीकृत परिचारिका, सुमारे ८५० वॉर्ड सहायक, १३ समाजकार्यकर्ते आणि निरनिराळ्या पात्रतेचे १२ मानसशास्त्रज्ञ उरले. उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांमध्ये डॉक्टरेट मिळवलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ फक्त एक होता. मनोविकारशास्त्राचे काही प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर तीन होते आणि त्यांतील एकालाही मनोविकारशास्त्राच्या व्यावसायिक मंडळाचे विशेषज्ञ प्रमाणपत्र नव्हते. पाच हजार रुग्णांमागे डॉक्टरेटचा एक मानसशास्त्रज्ञ म्हणजे त्याने रोज वीस नवे रुग्ण पाहिले, तरी पहिल्या रुग्णाची पाळी पुन्हा येण्यास अडीचशे कामाचे दिवस, म्हणजे जवळपास पूर्ण वर्ष लागणार.

खात्याची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. राज्याचे मानसिक आरोग्य आयुक्त डॉ. स्टोनवॉल स्टिकनी हे रुग्णालयाची जुनी विभागवार रचना मोडून तेथे चमू पद्धत आणत होते. जुन्या रचनेत मानसशास्त्र हा एक स्वतंत्र विभाग. रुग्णाच्या चाचण्या घ्यायच्या, अहवाल लिहायचा, तो डॉक्टरांच्या धारिकेत लावायचा आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे, असे तेथील मानसशास्त्रज्ञाचे काम. नव्या रचनेत रुग्णालयाचे छोटे घटक पाडून प्रत्येक घटकाची जबाबदारी निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या एका चमूवर सोपवायची होती. विचार म्हणून ही रचना चांगलीच होती. परंतु ज्या लोकांचा चमू करायचा, तेच लोक त्याच वेळी घरी पाठवले जात होते, आणि हा बदल करताना रुग्णांच्या पालकांशी किंवा त्यांना दाखल करणाऱ्या न्यायालयांशी कोणी सल्लामसलत केली नव्हती. पुनर्रचना आणि काटकसर एकाच परिपत्रकातून आली की कर्मचारी पुनर्रचनेवरही विश्वास ठेवत नाहीत. सरकारी नोकरीत काही वर्षे काढलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

दाव्याचे वळण

ऑक्टोबर १९७० मध्ये काही रुग्णांच्या पालकांनी आणि कमी केलेल्या काही कर्मचाऱ्यांनी संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. ज्याच्या नावाने दावा ओळखला जातो तो रिकी वायट तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याला मनोविकार असल्याचे निदान नव्हते. वर्तन बिघडले म्हणून त्याला ब्राइसमध्ये ठेवले होते. त्याची मावशी याच रुग्णालयात नोकरीला होती आणि कपातीचा फटका बसलेल्यांत तीही होती. कर्मचारी आणि रुग्ण यांचे हितसंबंध एका घरात एकत्र आले होते, हे या दाव्याचे भाग्य म्हणावे लागेल.

न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांना नोकरीच्या मुद्द्यात फारसा रस नव्हता. आर्थिक कारणासाठी राज्याने आपले कर्मचारी कमी केले, तर त्यात संघीय न्यायालयाने का पडावे, हा प्रश्न रास्त होता. तेव्हा दाव्यात दुरुस्ती झाली आणि रोख बदलला: कर्मचारी काढल्यामुळे रुग्णांना पुरेसे उपचार मिळणार नाहीत, एवढ्यावर न थांबता, ते आधीही मिळत नव्हते, असे म्हणणे मांडले गेले. मॉर्टन बर्नबॉम या डॉक्टर-वकिलाने १९६० साली ‘उपचारांचा हक्क’ ही कल्पना मांडली होती आणि १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एका वैधानिक तरतुदीच्या आधारे ती मान्यही केली होती. अलाबामात मात्र प्रश्न थेट राज्यघटनेचा झाला.

१२ मार्च १९७१ चा निकाल थोडक्यात असा: माणसाचे स्वातंत्र्य उपचारांच्या नावाखाली काढून घ्यायचे आणि मग उपचार द्यायचे नाहीत, हे घटनेतील योग्य प्रक्रियेच्या तत्त्वाच्या मुळावरच येते, कर्मचारी नाहीत किंवा सोयी नाहीत ही सबब त्यास चालणार नाही. राज्याला सुधारणेसाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. कमी केलेल्या नऊ मानसशास्त्रज्ञांना परत घ्या, असा आदेश मात्र त्यात नव्हता.

मला हा निकालातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि व्यवसायाच्या दृष्टीने तो काहीसा कडवटही आहे. मानसशास्त्रज्ञाने ‘माझे पद वाचवा’ म्हणून मागणी केली तेव्हा न्यायालयाने ऐकून सोडून दिली. ‘या रुग्णाला मी हवा आहे’ असे रुग्णाच्या तोंडून सांगितले गेले तेव्हा तीच मागणी घटनात्मक ठरली. सार्वजनिक सेवेत मानसशास्त्रज्ञाच्या पदाला स्वतःचे असे वजन नसते. ते वजन येते रुग्णाच्या हक्कातून, आणि तो हक्क कोणीतरी बजावल्याखेरीज ते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, उतरत नाही.

आकृतिबंध न्यायालयाने लिहिला

सहा महिन्यांत राज्याने समाधानकारक योजना दिली नाही. डिसेंबर १९७१ मध्ये न्यायालयाने पुरेशा उपचारांच्या तीन अटी सांगितल्या: माणुसकीचे वातावरण, पुरेशा संख्येने पात्र कर्मचारी आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र उपचार योजना. मानके ठरवण्यासाठी पुढे सुनावणी झाली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, अमेरिकन ऑर्थोसायकियाट्रिक असोसिएशन, नागरी स्वातंत्र्य संघटना आणि खुद्द संघराज्याचा न्याय विभाग हे न्यायालयाचे मित्र, म्हणजे पक्षकार नसताना न्यायालयाला साहाय्य करणारे, म्हणून उभे राहिले. खटल्यात आता पार्टलो ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संस्था आणि माउंट व्हर्नन येथील सर्सी रुग्णालय यांचाही समावेश झाला होता. पार्टलोची स्थिती इतकी भयंकर होती की, मार्च १९७२ मध्ये न्यायालयाने तीस दिवसांत ३०० वॉर्ड सहायक भरा, आणि त्यासाठी नागरी सेवा भरतीची नेहमीची प्रक्रिया आड येऊ देऊ नका, असा तातडीचा आदेश काढला. भरतीच्या फायली वर्षानुवर्षे फिरताना पाहिलेल्यांना हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल.

१३ एप्रिल १९७२ च्या आदेशाला जोडलेल्या परिशिष्टात दर २५० रुग्णांमागे कोणती किती पदे असावीत, याची यादी आहे. मनोविकारतज्ज्ञ दोन, इतर डॉक्टर चार, नोंदणीकृत परिचारिका बारा. मानसशास्त्रज्ञांसाठी डॉक्टरेटचे एक, पदव्युत्तर एक आणि पदवीधर दोन अशी चार पदे. स्वयंपाकी, वाहनचालक, निरोप्या, देखभाल कारागीर यांचीही संख्या तेथे दिलेली आहे. धर्मोपदेशकाचे पद अर्धे आहे. ब्राइसच्या तेव्हाच्या पाच हजारांना हे गुणोत्तर लावले तर डॉक्टरेटचे वीस, पदव्युत्तर वीस आणि पदवीधर चाळीस, असे ऐंशी मानसशास्त्रज्ञ होतात. कपातीनंतर तेथे बारा होते.

संख्येपेक्षा व्याख्येचे महत्त्व अधिक ठरले. ‘पात्र मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याची व्याख्या करताना न्यायालयाने तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घेतलेला मनोविकारतज्ज्ञ आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून डॉक्टरेट घेतलेला मानसशास्त्रज्ञ यांना एकाच यादीत बसवले. पदव्युत्तर समाजकार्यकर्ते आणि मनोरुग्ण परिचर्येतील पदव्युत्तर परिचारिका यांनाही, देखरेखीखालील दोन वर्षांच्या अनुभवाच्या अटीवर, त्यात स्थान मिळाले. चाचणीचा अहवाल लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणारा माणूस आता काही बाबींत स्वतः सही करणारा अधिकारी झाला.

ही सही कशी वापरायची असते ते एका उदाहरणाने पाहू. रात्री अकरा वाजता वॉर्डात एक रुग्ण दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो. सहायक त्याला बांधून ठेवतात किंवा एकांत खोलीत ठेवतात. आदेशानुसार आणीबाणीत असे करता येते, पण एका तासापेक्षा जास्त नाही. त्या तासात पात्र व्यावसायिकाशी संपर्क झालाच पाहिजे. पुढे बंधन चालू ठेवायचे असेल तर त्याने लेखी आदेश द्यायचा, त्यात कारण लिहायचे, आणि आदेश लिहिण्यापूर्वी रुग्णाला स्वतः पाहायचे. फोनवरून ‘ठेवा सकाळपर्यंत’ असे सांगून भागत नाही. हा आदेश चोवीस तासांहून अधिक टिकत नाही. पूर्वी हे सगळे सहायकांच्या मर्जीवर आणि परिचारिकेच्या नोंदवहीवर चालायचे. आता तो पात्र व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ असेल, तर त्याला रात्री उठून वॉर्डात यावे लागते. रुग्ण का चिडला, कोण काय बोलले, औषध बदलले होते काय, हे विचारावे लागते. आणि जे लिहिले त्याला उद्या जबाबदार राहावे लागते. अधिकार मिळाला तेव्हा झोपही गेली, असे म्हटले तरी चालेल.

उपचार योजनेचेही तसेच. दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत तपासणी, पाच दिवसांच्या आत स्वतंत्र योजना. योजनेत रुग्णाच्या अडचणी, मधली आणि दूरची उद्दिष्टे, त्यांचे वेळापत्रक, कोणता कर्मचारी काय करणार, आणि कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर रुग्णाला कमी बंधनाच्या ठिकाणी किंवा घरी पाठवायचे, हे लिहायचे. दर नव्वद दिवसांनी योजनेची तपासणी करायची, आणि ती ज्याने योजना चालवली त्याने नव्हे, तर दुसऱ्या पात्र व्यावसायिकाने. शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात काम करणाऱ्याला रुग्णाची स्थिरता आणि स्वतःची सवय यांतला फरक दिसेनासा होतो.

व्यवसायाच्या हातातून गेलेले साधन

मानसशास्त्रज्ञांना या निकालाने फक्त दिले असे समजणे चुकीचे ठरेल. साठच्या दशकात राज्य रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञांची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे टोकन पद्धत. इलिनॉय राज्यातील ॲना येथील रुग्णालयात टिओडोरो आयलॉन आणि नेथन ॲझ्रिन यांनी ती नावारूपाला आणली. अपेक्षित वर्तन केले की टोकन मिळते आणि टोकन देऊन हवी ती वस्तू किंवा सवलत घेता येते. वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसून राहिलेले रुग्ण या पद्धतीने उठून कामाला लागले, हे नाकारता येत नाही. परंतु रुग्णालयात माणसाला हवेसे वाटणारे असते तरी काय? एकांत, चांगला पलंग, भेटीगाठी, बाहेर फिरण्याची मुभा. टोकनच्या बदल्यात याच गोष्टी दिल्या जात आणि पुष्कळदा मिळणारे काम म्हणजे रुग्णालयाचीच झाडलोट असे.

१९७२ च्या मानकांनी यातल्या बऱ्याच गोष्टी थेट हक्काच्या यादीत टाकल्या. खासगीपणा, भेटी, फोन, मोकळ्या हवेतील व्यायाम, पडदा किंवा आडोसा असलेली पलंगाची जागा हे आता बक्षीस राहिले नाही. रुग्णालय चालवण्याच्या कामाला रुग्णाला जुंपायचे नाही; स्वेच्छेने करत असेल तर किमान वेतन द्यायचे. वेदनादायक उद्दीपनावर आधारलेले वर्तनोपचार, विजेचे झटके किंवा मेंदूवरील शस्त्रक्रिया ही रुग्णाच्या स्पष्ट संमतीशिवाय आणि त्याने वकिलाचा किंवा आपल्या पसंतीच्या हितचिंतकाचा सल्ला घेतल्याशिवाय नाही. अनेक वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी यावर तक्रार केली की, हक्क म्हणून दिलेल्या वस्तूने प्रेरणा देता येत नाही आणि ज्यांना उठवण्याचा हाच एक मार्ग उरला आहे, ते रुग्ण आता तसेच राहतील. तक्रार प्रामाणिक होती, पण तिची बैठक कच्ची होती. ज्या गोष्टी बाहेरच्या कोणत्याही माणसाकडे अटीशिवाय असतात, त्या आधी काढून घ्यायच्या आणि मग मोबदल्यात परत द्यायच्या, यावर उपचार उभा करता येत नाही. करता येतो असे वाटले, तर ते बंदिस्त संस्थेच्या सोयीमुळे वाटते. याचा परिणाम एवढाच झाला की, नंतरच्या मानसशास्त्रज्ञांना अधिकच्या वस्तू शोधाव्या लागल्या. हे काम अवघड आणि खर्चिक होते, आणि खर्च हा मुळातलाच तंटा होता.

छेद

मानके लागू झाली, १९७४ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मूळ हक्क उचलून धरला, आणि तरी ब्राइसमध्ये ऐंशी मानसशास्त्रज्ञ आले नाहीत. गुणोत्तराचा छेद रुग्णसंख्या असतो. अंश वाढवण्यासाठी पैसे, पगार आणि टस्कलूसाला येऊन राहण्यास तयार असलेले उमेदवार लागतात; छेद कमी करण्यासाठी रुग्णांना घरी किंवा अन्यत्र पाठवायचे असते. पुढील वर्षांत रुग्णसंख्या मोठ्या प्रमाणात घटली. याचे श्रेय द्यायचे की दोष, हे प्रत्येक रुग्णागणिक ठरावे. जे वृद्ध आणि बौद्धिक अक्षमता असलेले लोक तेथे असायलाच नको होते, त्यांची योग्य तपासणी करून त्यांना योग्य ठिकाणी पाठवणे हे नेमके मानसशास्त्रज्ञाचे काम. परंतु गुणोत्तर पूर्ण दाखवण्यासाठी घाईने सोडलेल्या माणसाची तपासणी कागदावर तशीच दिसते. संख्येवर आधारलेल्या मानकाचा हा दोष आहे, आणि आकृतिबंध मंजूर करून घेण्यासाठी झगडणाऱ्या कोणत्याही खात्याने तो ध्यानात ठेवावा.

उमेदवारांची अडचणही खरी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, माजी सैनिक प्रशासनाने विद्यापीठांच्या साहाय्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे मोठे प्रशिक्षण सुरू केले होते आणि १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधक-व्यावसायिक असा डॉक्टरेटचा नमुना ठरवला होता. त्यामुळे डॉक्टरेट घेणाऱ्याला संघराज्याची सेवा, विद्यापीठ आणि पुढे खासगी व्यवसाय असे पर्याय उपलब्ध होते. राज्य मनोरुग्णालय त्यांत शेवटी येत असे. न्यायालय पद निर्माण करू शकते. पद कोणी स्वीकारावे, हे त्याच्या हातात नसते.

टस्कलूसामध्येच अलाबामा विद्यापीठ असल्याने थोडी मदत झाली, आणि तिचा सर्वांत ठळक उपयोग रुग्णालयात नव्हे तर तुरुंगात दिसला. जानेवारी १९७६ मध्ये याच न्यायाधीशांनी अलाबामाच्या तुरुंगांची स्थिती घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांचे नव्याने वर्गीकरण करण्याचा आदेश दिला. ते काम विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील सुधारगृह मानसशास्त्र केंद्राकडे आले. रेमंड फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमू उभे करून राज्यातील कैद्यांच्या मुलाखती आणि चाचण्या घेतल्या. कारागृह प्रशासनाने गृहीत धरले होते त्यापेक्षा कितीतरी कमी कैद्यांना कडक बंदोबस्ताची गरज आहे, असे निष्पन्न झाले. फाउलर पुढे १९८८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष आणि त्यानंतर बराच काळ तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. बाहेरून आलेल्या चमूने काही महिन्यांत जे केले ते आतल्या कर्मचाऱ्यांनी आधी का केले नव्हते, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा एवढेच आहे की आतल्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता; त्यांना दाखल होणाऱ्यांचे अहवाल हवे होते, सुटणाऱ्यांचे नव्हे.

खटला पुढेही चालूच राहिला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘यंगबर्ग विरुद्ध रोमिओ’ या दुसऱ्या प्रकरणात ठरवले की, बंदिस्त संस्थेतील व्यक्तीबाबत पात्र व्यावसायिकाने घेतलेला निर्णय सकृद्दर्शनी योग्य मानायचा. मान्य व्यावसायिक निकषांपासून तो फार दूर गेला असेल तरच उत्तरदायित्व येते. अलाबामात लिहिलेल्या व्याख्येने ज्याला सही मिळाली होती, त्याच्या सहीला आता न्यायालयातही वजन आले. अर्थात तिच्यामागचा विचार नोंदीत सापडला तरच. १९८६ मध्ये पक्षकारांत तडजोड झाली आणि भर पदसंख्येवरून संस्थांना मान्यता मिळवण्याकडे सरकला. डिसेंबर २००३ मध्ये न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी प्रकरण बंद केले. राज्य बदलले होते, आयुक्त अनेक होऊन गेले होते आणि ज्या नऊ पदांवरून हे सुरू झाले, त्यांचा उल्लेख आता फक्त १९७१ च्या निकालातील त्या आकड्यांच्या परिच्छेदात उरला आहे.